दोन बेटांपैकी एक

भूगोलाच्या तासाला भारताची बेटं शिकवायला मला कधीच फार वेळ लागला नाही. अरबी समुद्रातली ती प्रवाळांची, बंगालच्या उपसागरातली ती बुडालेल्या डोंगररांगेची शिखरं. फळ्यावर नकाशा काढायचा, डावीकडे लक्षद्वीपचे आणि उजवीकडे अंदमान-निकोबारचे ठिपके रंगीत खडूनं द्यायचे, फरकाचे मुद्दे लिहून द्यायचे आणि पुढच्या धड्याकडे वळायचं. गिरगावातल्या एका मराठी शाळेत मी सगळी नोकरी केली आणि दर वर्षी हे ठिपके दिले. दर वर्षी एखादी मुलगी विचारायचीच, "बाई, तुम्ही गेला आहात?" मी सांगायचे, जाणार आहे.

शाळा मी ठरल्या वेळेच्या जरा आधीच सोडली. त्याचं कारण डोळे. ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

मला सुईत दोरा ओवता येतो. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं मी सासूबाईंना वाचून दाखवते. पण फुटपाथवर आडवा झोपलेला कुत्रा मला दिसत नाही. समोर बघितलं की समोरचं लख्ख दिसतं आणि त्याच्या भोवतीचं काहीच नसतं. काळा पडदा असतो असं लोकांना वाटतं, तसं नाही. ते नुसतं नसतंच, पाठीमागचं जसं कुणालाच नसतं तसं. लहानपणी फणसवाडीत आमच्या जिन्यातला दिवा गेला की मी पायरी चाचपत उतरायचे आणि भावंडं खाली पोचून हसायची. ती सुरुवात होती हे कुणाला कळलं नाही. पुढे मुलींच्या दप्तरांना अडखळणं वाढलं. शाळेच्या जिन्यात एकदा मी एका सहकारी बाईंच्या अंगावरच आदळले. त्यांना वाटलं, मी मुद्दाम न बघितल्यासारखं केलं. मग परळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार आहे, जन्मतः आलेला, आणि नजरेचा घेर हळूहळू आवळत जातो. औषध नाही. किती वर्षांत किती आवळेल, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. काहींचं मधलं शेवटपर्यंत टिकतं, काहींचं नाही, असं ते म्हणाले.

त्या दिवशी परळहून लालबागपर्यंत आम्ही चालत आलो. नवरा एरवी रस्त्यात बोलत असतो. झाडावर काही हललं की थांबतो, पक्ष्याचं नाव सांगतो. त्या दिवशी त्यानं माझा दंड धरला होता आणि तो वर एकदाही बघत नव्हता. मसाल्याच्या दुकानांपाशी आल्यावर मला शिंका आल्या तेव्हा कुठे त्यानं हात सोडला, रुमाल दिला, आणि परत धरला.

त्याची ओळख करून द्यायला हवी. तो लालबागचाच. त्याचे वडील मालवणकडून गिरणीत आले. आमची चाळ पाडून तिथे जी उंच इमारत झाली तिच्यात आता आम्ही, त्याची आई आणि तिची तुळस असे राहतो. तो शिवडीला एका माल-वाहतुकीच्या कंपनीत हिशेब बघतो. गोदामांच्या मागे खाडीचा चिखल आहे, आणि तिथे हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. जेवणाच्या सुट्टीत ते बघता बघता त्याला पक्ष्यांचं वेड लागलं. लग्नानंतर पहिली मोठी खरेदी आम्ही फ्रिजची केली, दुसरी दुर्बिणीची.

मी शाळा सोडल्यावर त्यानंच विषय काढला. आता बेटावर जाऊच, म्हणाला. एकाच बेटावर जायचं आणि तिथेच राहायचं, धावतपळत नाही, हे दोघांनाही मान्य होतं. त्याला लांब रजा एकदाच मिळणार होती, आणि तेवढ्या काळासाठी आईजवळ राहायला नणंद डोंबिवलीहून येणार होती. तिला काही असं पुन्हा पुन्हा बोलावता आलं नसतं. म्हणजे दोन समुद्रांपैकी एक निवडायचा होता.

चार दिवसांनी त्याची निवड ठरलेली होती. मध्य अंदमानात लाँग आयलंड नावाचं एक छोटं बेट आहे. गाव लहान, बाकी सगळं जंगल. जंगलातून पायवाट जाते आणि दुसऱ्या बाजूच्या किनाऱ्यावर निघते. जगात दुसरीकडे कुठे नसलेले पक्षी तिथे आहेत. तो जेवताना हे सगळं सांगत होता आणि मला त्याचा उत्साह बघून बरं वाटत होतं. मग जेवण झाल्यावर त्यानं माझा फोन मागून घेतला आणि त्यात पक्ष्यांचे आवाज भरून दिले. रोज दोन-दोन ऐकत जा, म्हणाला. तिथे पोचेपर्यंत तुला आवाजावरून ओळखता येतील.

त्यानं हे अगदी सहज म्हटलं. मी भांडी आवरत होते. फोनमध्ये एक काळा मोठा सुतारपक्षी आधी ओरडला, मग त्यानं लाकडावर टकटक केली, आणि मला एकदम कळलं की हा मला काय शिकवतो आहे. माझा नवरा मला न दिसण्याच्या दिवसांसाठी तयार करत होता. त्यानं बेट निवडलं होतं ते कानांनी बघता येईल असं.

मला त्याची माया कळत होती, आणि रागही आला होता. दोन्ही एकाच वेळी आले तर माणूस काय करतो कोण जाणे. मी पातेलं जरा जोरात घासलं.

माझं मन दुसरीकडे होतं, ते मी त्या रात्री बोलले नाही. मला लक्षद्वीपला जायचं होतं. त्यातही कडमतला. हे बेट एखाद्या शेवग्याच्या शेंगेसारखं लांब आणि अरुंद आहे, काही ठिकाणी इतकं की मधल्या रस्त्यावर उभं राहिलं की दोन्हीकडे समुद्र. पश्चिमेला उथळ, शांत पाणी, त्यात प्रवाळ. फळ्यावर मी प्रवाळाच्या किड्याचं चित्र काढायचे, तोंडाभोवती शुंडके असलेलं, आणि त्याच्या घरांवर घरं चढून बेट कसं तयार होतं ते सांगायचे. कोट्यवधी जीव मेले आणि त्यांच्या सांगाड्यांवर नारळ उगवले, हे ऐकून वर्ग शांत व्हायचा. मीही दर वेळी जरा शांत व्हायचे. मला ते पाण्यात तोंड घालून बघायचं होतं. एवढंच होतं, आणि ते सांगायला मला आठवडा लागला.

सांगितल्यावर त्यानं अडचणी काढल्या, आणि त्या सगळ्या खऱ्या होत्या. मला पोहता येत नाही. कोचीहून जहाजानं जायचं, जहाज किनाऱ्याला लागत नाही, भर समुद्रात छोट्या होडीत उतरावं लागतं. होडीच्या काठाचा अंदाज मला येणार नाही. पाण्याखाली बाजूनं काही आलं तर कळणार नाही. मी म्हटलं, जंगलात मुळं आहेत, जळवा आहेत, तिथे मी कशी चालणार? तो म्हणाला, मी असेन ना. मी म्हटलं, मग पाण्यातही असशील. त्यावर तो पेपर उघडून बसला.

असे पंधरा-वीस दिवस गेले. भांडण म्हणावं असं झालं नाही. तो अंदमानच्या बोटींच्या वेळा बघायचा, मी लक्षद्वीपच्या परवान्याची माहिती काढायचे, आणि रात्री दोघंही आपापलं कळलेलं एकमेकांना सांगायचो, जणू दोन वेगळी कुटुंबं दोन वेगळ्या सहलींना निघाली आहेत. सासूबाईंना या सगळ्याची गंमत वाटायची. त्यांचा जन्म समुद्रकाठचा. सुट्टी काढून समुद्र बघायला कुणी जातं, हेच त्यांना पटत नव्हतं.

एका रविवारी सकाळी तो मला शिवडीला घेऊन गेला. रोहित भरपूर आलेत, म्हणाला. आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा भरती अर्ध्यावर होती, म्हणजे पाणी चढत होतं आणि पक्षी चिखलावरून सरकत किनाऱ्याकडे येत होते. डावीकडे जुन्या बोटींचे सांगाडे, पुढे समुद्रावरून गेलेला नवा पूल. चिखलाचा तो वास मला आवडतो. आजूबाजूला आणखी लोक होते. त्यांच्या आवाजावरूनच कळत होतं की दृश्य मोठं असणार. एक बाई आपल्या मुलीला सांगत होती, बघ, सगळं गुलाबी गुलाबी.

मी बघितलं. राखाडी चिखल दिसला. मान थोडी फिरवली, पुन्हा चिखल. मग एक रोहित सापडला, लांब पाय, चोच उलटी करून चिखलात घातलेली. त्याच्या शेजारी आणखी दोन. चौथा मान वर करून उभा होता. मी मान हलवली की हे जायचे आणि दुसरे यायचे. त्यांचा थवा मला एकत्र दिसत नव्हता. पण जे दिसत होते ते इतके स्पष्ट होते की चोचीचं काळं टोक, पायाचा गुडघा उलटा वळताना, सगळं दिसत होतं. दुर्बिणीशिवाय.

"किती दिसतात?" त्यानं विचारलं.

"चार."

मी वळून त्याच्याकडे बघितलं. तो समोर बघत होता आणि त्याचे डोळे भरले होते. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याला वडील गेले तेव्हा रडताना पाहिलं होतं, त्यानंतर आत्ताच.

"चार पुरेत रे मला," मी म्हटलं. "त्या चौघांचं मी सगळं बघतेय. उरलेल्यांसाठी तू रडू नकोस."

त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला. मग धक्क्याच्या कठड्याला टेकून, माझ्याकडे न बघता तो बोलायला लागला. पक्ष्यांचं काही नाही, म्हणाला. लाँग आयलंडचंही काही नाही. "जंगलात मी तुझा हात धरून चालू शकतो. पाण्यात मला काही करता येत नाही. तू खाली बघत पुढे जाशील आणि मी होडीत बसून राहीन. तुला काही झालं तर मला उडीसुद्धा मारता येणार नाही."

हे मला सुचलंच नव्हतं. मालवणच्या घरचा माणूस, पण जन्म लालबागच्या चाळीतला, पाणी बघितलं ते नळाचं. त्यालाही पोहता येत नाही, हे मला माहीत होतं. त्याची त्याला लाज वाटते, हे मात्र माहीत नव्हतं. इतके दिवस मी धरून चालले होते की तो माझ्या आंधळेपणाला घाबरतोय. तो स्वतःच्या बसून राहण्याला घाबरत होता.

मी लगेच काही कबूल केलं नाही. अंदमानला जाऊ, असं तोंडावर आलं होतं, कारण त्या क्षणी त्याला बरं वाटावं एवढंच मला हवं होतं. पण ते मी गिळलं. तसं म्हटलं असतं तर पुढे प्रत्येक गोष्टीत तसंच झालं असतं. जिथे हात धरता येईल तिथेच मी जायचं, असा नियम कुणी न करता होऊन बसला असता. मी त्याला म्हटलं, मी आधी पोहायला शिकते. जमलं तर कडमत. नाही जमलं तर तू म्हणशील तिथे, आणि मनात काही न ठेवता.

दादरला पालिकेचा तरणतलाव आहे. तिथे बायकांच्या बॅचला मी नाव घातलं. शिकवणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या होत्या, केस अगदी बारीक कापलेले, आवाज खडा. मी त्यांना डोळ्यांचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, समोरचं दिसतं ना? मी म्हटलं, समोरचं उत्तम. "मग झालं. पोहताना बाकी काय बघायचंय?" म्हणाल्या.

पहिले काही दिवस वाईट गेले. नाकात पाणी, घशात पाणी. पंचावन्न वर्षांच्या बाईनं बार धरून पाय मारत राहायचं, शेजारी साताठ वर्षांच्या मुली बेडकासारख्या सुटत होत्या. एकदा मी तरंगायचा बोर्ड घेऊन आडवी गेले आणि दुसऱ्या एका बाईंच्या पोटात शिरले. त्या ओरडल्या नाहीत, नुसतं मला धरून सरळ केलं. शिकवणाऱ्या बाईंनी मग मला कडेची रांग दिली. तळाला फरशीची काळी पट्टी होती. ती बघत जायचं, ती संपली की भिंत आली, असं त्यांनी सांगितलं.

मी गॉगल लावला, तोंड पाण्यात घातलं, आणि मला एक वेगळीच गोष्ट कळली. गॉगलमधून सगळ्यांनाच थोडंसं दिसतं. कडेचं कुणालाच दिसत नाही. रस्त्यावर मी एकटी अशी असते. इथे सगळ्या बायका पट्टीवर नजर ठेवून चालल्या होत्या आणि एकमेकींच्या पायांना आपटत होत्या. वर येऊन सॉरी म्हणत होत्या. मीही म्हणत होते. त्या दिवशी बाहेर पडले तेव्हा ओले केस पंच्यात गुंडाळून मी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर नुसती बसून राहिले. घरी जायची घाई वाटली नाही.

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "गो, तू पोवाक शिकतंस ता बरा. पण ह्येकाय घेवन जा. घोवाक काठार बसवन कित्याक ठेवतंस?" नवरा आतल्या खोलीत होता. त्यानं ऐकलं. दुसऱ्या आठवड्यात त्यानं कुणाला न सांगता पुरुषांच्या बॅचला नाव घातलं.

त्याचं मात्र जमलं नाही. तो तरंगायला शिकला, चार हात मारायलाही लागला होता, आणि मला ते दाखवायची फार घाई त्याला झाली होती. मग त्याचा कान दुखायला लागला. लहानपणी फुटलेला कान होता, पडद्याला भोक राहिलेलं. डॉक्टरांनी सांगितलं, डोकं पाण्यात अजिबात घालायचं नाही. तो घरी आला, कापसाचा बोळा कानात, आणि पंचा खुंटीला लावून सोफ्यावर बसला. मला वाटलं आता म्हणेल, बघ, मी सांगत होतो. त्यानं कानातला बोळा नीट बसवला. मग म्हणाला, "तू किती लांब जातेस आता?"

मी म्हटलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, न थांबता.

"मग परवान्याचे कागद काढ," तो म्हणाला. "मी होडीत बसेन."

ते म्हणायला त्याला किती जड गेलं असेल, हे मला तेव्हा पुरतं कळलं नाही. कळलं ते जहाजावर.

कोचीहून निघून आम्ही सकाळी कडमतच्या जवळ पोचलो. बेट म्हणजे एक हिरवी रेघ दिसत होती. जहाज लांबच थांबलं. त्याच्या पोटातलं एक दार उघडलं, आणि त्या दाराशी एक होडी वरखाली होत होती. कधी दाराच्या उंचीला, कधी माणूसभर खाली. दारात दोन खलाशी, होडीत दोन. होडी वर आली की ते माणसाला दंडाला धरून सरळ तिकडे द्यायचे, सामानासारखं. कुणाला नीट बघून उतरायची मुभाच नव्हती. नवऱ्यानं खलाशाला हिंदीत सांगायला सुरुवात केली की हिला बाजूचं दिसत नाही. खलाशी म्हणाला, बघायचं नाहीच आहे, मी सांगेन तेव्हा पाय उचला. माझी पाळी आली. मी समोर त्याच्या तोंडाकडे बघितलं, त्यानं मान हलवली, मी पाय उचलला आणि होडीत होते. मागे वळून बघितलं तर दारात नवरा उभा होता, पांढराफटक. त्याला दोनदा सांगावं लागलं. होडीत आल्यावर तो माझ्या शेजारी बसला आणि बेट येईपर्यंत माझा हात त्यानं सोडला नाही. तेव्हा मी त्याला धरलं होतं की त्यानं मला, हे सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रवाळ बघायला निघालो. होडी चालवणारा कडमतचाच होता, आणि त्याच्याबरोबर पाण्यात उतरणारा एक वाटाड्या. त्यांच्याकडे एक मोठं तरंगतं कडं होतं, दोरी बांधलेलं. मी गॉगल आणि श्वासाची नळी लावून, कड्याला धरून तोंड पाण्यात घालायचं, वाटाड्या पुढे ओढत नेणार, आणि दोरीचं दुसरं टोक होडीत. ते टोक माझ्या नवऱ्यानं मागून घेतलं.

पाणी कोमट होतं. मी खाली बघितलं.

मला काय दिसलं ते जसं आहे तसंच सांगते. मी वर्षानुवर्षं फळ्यावर लाल, केशरी, जांभळे खडू वापरले होते. तळ बहुतेक करडा होता. हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या मोडून पडलेल्या, त्यांच्यावर शेवाळ. वाटाड्यानं नंतर सांगितलं की समुद्र तापला तेव्हा खूपसं प्रवाळ पांढरं पडलं आणि मेलं; तो लहान असताना इथे वेगळंच होतं. ते मेलेलं रान डोळ्याखालून जात होतं आणि माझ्या मनात एक तुलना यायला लागली होती. ती मी येऊ दिली नाही. माझे डोळे हे माझे डोळे, आणि ते प्रवाळ हे प्रवाळ. त्याचं दुःख त्याचं म्हणूनच करावं, एवढा मान त्याला द्यायला हवा, असं मला वाटलं.

मग एका मोठ्या खडकाच्या कडेला मी थांबले. वाटाड्याला खूण केली, थांब. खडकाच्या मेलेल्या अंगावर तळहाताएवढं नवं प्रवाळ धरलं होतं, फिकट जांभळं, टोकं जवळजवळ निळी. त्याच्यातून बोटभर मासे बाहेर यायचे आणि माझी सावली हलली की सगळे एकदम आत जायचे. मी किती वेळ तिथे होते माहीत नाही. आणि तेव्हा मला ऐकू आलं. इतका वेळ मी बघण्यात होते म्हणून लक्षात आलं नव्हतं. पाणी कडकडत होतं. तेलात मोहरी तडतडावी तसा बारीक आवाज सगळीकडून येत होता, आणि त्यात मधूनच कुणीतरी काहीतरी कुरतडल्याचा आवाज. मान फिरवली तर एक हिरवानिळा, पोपटाच्या चोचीचा मासा खडक खात होता, सरळ दातांनी, आणि तो खातानाचा आवाज मला ऐकू येत होता. मला पाण्यातच हसू आलं आणि नळीत पाणी शिरलं.

वर आले तेव्हा खोकत होते. नवरा होडीच्या काठावर ओणवा झाला होता, दोरी हाताला गुंडाळलेली, बोटं लाल. मी ठीक आहे म्हणून हात केला. मला वर घेतल्यावर मी त्याला त्या तळहाताएवढ्या प्रवाळाचं सांगितलं, आवाजाचं सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याच्याकडेही सांगायला काहीतरी होतं. मी खाली असताना होडीपासून हातभर अंतरावर एक कासव श्वास घ्यायला वर आलं होतं. डोकं काढलं, त्याच्याकडे बघितलं, आणि गेलं. "म्हाताऱ्या माणसासारखा श्वास सोडला गं त्यानं," तो म्हणाला. "मी दोरी सोडली नाही, पण फोटोही काढता आला नाही." ते कासव नंतर माझ्याच खालून गेलं असणार. मला ते दिसलं नाही, आणि त्याला माझं प्रवाळ दिसलं नाही. होडी परत वळेपर्यंत आम्ही एकमेकांना तेच सांगत होतो.

मी रोज पाण्यात उतरले. तो रोज दोरी धरून बसला. तिसऱ्या दिवसापासून ती हाताला गुंडाळायचं त्यानं सोडलं, नुसती मुठीत धरायला लागला.

निघायच्या सकाळी मी सामान भरत होते. तो दिसेना म्हणून बाहेर आले. पाणी ओसरलेलं होतं आणि तो पँट गुडघ्यावर दुमडून, एवढंच नाही, कमरेपर्यंत आत जाऊन उभा होता, दुमडलेली पँट भिजवून. हात पाण्यावर पसरलेले. त्यानं मला हळू हाक मारली, पाणी हलवू नकोस, नुसती ये, म्हणाला. मी वाळू चाचपत, पाऊल घासत त्याच्याजवळ गेले. त्याच्या पायांशी मासे जमले होते म्हणे, पोटरीला चोचत होते. मी वाकून शोधले. पाणी हललं होतं, मला ते सापडले नाहीत. मग मान वर केली तर तो अगदी समोर होता, गुदगुल्यांनी हसत, आणि तेवढं मला लख्ख दिसत होतं.